रूपाबाईचा अंगठा

“नवऱ्याची सही आणलीस का?” सिस्टरनं मान वर न करताच विचारलं आणि मिनाच्या हातातला पेन आपोआप खाली आला. तयारी तर तिनं सगळी केली होती. पाळी कधी येऊन गेली, लेकरू केवढं आहे, याआधी काय वापरलं, कुठलं औषध अंगावर उठतं का, सगळी उत्तरं तिनं घोकून ठेवली होती. रात्री भांडी घासताना तिनं मनातल्या मनात सिस्टर होऊन स्वतःलाच विचारलं होतं आणि मिना होऊन उत्तरंही दिली होती. पण हा प्रश्न त्या मनातल्या सिस्टरनं विचारलाच नव्हता. “माझीच सही लागंल म्हणून आले मी,” ती म्हणाली. “तुझी तर लागंलच गं. पण उद्या तुझा नवरा इथं येऊन माझ्या नावानं शंख करील, त्याला कोण उत्तर देईल? मागं असाच एकजण आला होता. न सांगता माझ्या बायकोला तांबी बसवली म्हणून दाराची काच फोडून गेला. काचा मी वेचल्या, माझ्या हाताला लागल्या. तुला काय माहीत?” सिस्टरचा आवाज वाईट नव्हता. दमलेला होता. तिनं तळहात पुढे करून दाखवला, पण मिनाला त्यावर काही दिसलं नाही. तिला फक्त समोरच्या दाराची काच दिसली, बाकीच्या काचांपेक्षा नवी आणि स्वच्छ.

भिंतीवर सरकारी चित्र होतं. हसणारा नवरा, हसणारी बायको, मध्ये एक हसणारं पोर आणि खाली गोळ्या, इंजेक्शन, तांबी, निरोध, सगळं ओळीनं मांडलेलं. तुमचा निर्णय, असं वर मोठ्या अक्षरात. मिना त्या अक्षरांकडे बघत राहिली. फिनाईलचा वास येत होता आणि त्याच्यामागून, खिडकीतून, मोंढ्याच्या बाजारातल्या हळदीचा. वसमतला हा वास सुटत नाही. हळदीचे दिवस आले की पोत्यांतून धूळ उडते, ती माणसांच्या पायांच्या भेगांत जाऊन बसते आणि मग कितीही घासा, टाचा पिवळ्याच. देविदासच्या तर नखांतून, कानांतून हळद निघते. तो ट्रकवर आहे. आत्ताही सांगलीच्या वाटेवर कुठंतरी असेल, हळदीच्या पोत्यांवर ताडपत्री ओढून, धाब्यावर डाळ-रोटी खाऊन. त्याची सही आणायची म्हणजे आधी त्याला सांगायचं. आणि सांगायचं तर ते काय नवीन होतं थोडंच? चार वेळा सांगून झालं होतं. तो काही वाईट माणूस नव्हता, अजिबात नव्हता. दारू नाही, हात उचलणं नाही, पगार झाला की पैसे तिच्या हातात. पळायचे बूट तर त्यानंच आणले होते सांगलीहून, एक नंबर मोठे, म्हणून ती दोन मोजे घालते आणि तरी ते बूट बदलत नाही. पण तांबीचं काढलं की देविदास म्हणायचा, बघू. पोलिसात भरती हो, मी कुठं नको म्हणून राहिलो? पण अजून एक पोरगं होऊन जाऊ दे, मग पळ काय पळायचं ते. जसं काही पोर होणं म्हणजे भाजी घेऊन येणं, जाता जाता.

मागच्या भरतीला ती मैदानाच्या कडेला बसून होती. सृष्टी पोटात होती, पाय सुजलेले, आणि तिच्यासोबत रोज पळणाऱ्या पोरी छातीवर नंबर लावून तिच्यासमोरून पळत गेल्या. त्यांतली एक आता नांदेडला खाकी घालून चौकात उभी असते. तिच्यापेक्षा मिना कायम पुढं असायची. कायम. आता परत जाहिरात आली होती, अर्ज गेला होता, पहाटे घरामागच्या कॉलेजच्या मैदानावर पळताना तिला आपलं अंग आपलं वाटायला लागलं होतं. बाळंतपणानंतर कितीतरी दिवस ते कुणाकडून मागून आणल्यासारखं वाटत होतं. आता श्वास बराबर बसला होता, मांड्या भरल्या होत्या. आणि मागच्या महिन्यात पाळी लांबली, तेव्हा ती त्या मैदानावर मध्येच थांबून खाली बसली होती. काही नव्हतं, नुसतीच लांबली होती. पण त्या थोड्या दिवसांत तिला जेवण गेलं नाही, झोप लागली नाही, सृष्टी गळ्यात पडली तरी तिचा राग आला. त्या रागाची तिला भीती वाटली. लेकराचा काय दोष? तेव्हाच तिनं ठरवलं, बस झालं आता त्याचं ‘बघू’.

आणि गंमत बघा, याच भरतीसाठी तिनं एक प्रतिज्ञापत्र लिहून दिलं होतं. लहान कुटुंबाचं. दोनाच्या वर लेकरं असली तर सरकारी नोकरी नाही, असा कायदाच आहे या राज्याचा. सासरच्या तांड्यातल्या अमरसिंगला तर तिसरं झाल्यावर पंचायतीतून घरी बसवलं होतं. तेव्हा ते लिहून देताना कुणी तिला विचारलं नव्हतं, नवरा कुठं आहे, नवऱ्याला चालेल का. तिथं तिची एकटीची सही पुरली. किती लेकरं झाली तर नोकरी जाईल हे तिनं एकटीनं कबूल करायचं, पण होऊ द्यायची की नाही हे विचारायला आली तर नवऱ्याला घेऊन ये. मिनाला हसू आलं आणि हसूबरोबर डोळ्यांत पाणी. ती खिडकीकडे वळली.

खिडकीतून लिंबाचं झाड दिसत होतं आणि झाडाखालच्या बाकावर तिची सासू, रूपाबाई. फेटिया-कांचळीची बंजारा घागरा-चोळी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, तळहातावर तंबाखू. तिला इथं आणायचंच नव्हतं. मिना पहाटे पळायला जाते तेव्हा सृष्टीजवळ कुणीतरी हवं, म्हणून ती गोरेगावकडच्या तांड्यावरून राहायला आली होती. “दाढ दुखून राहिली, दवाखान्यात जाऊन येते,” एवढंच मिना सकाळी म्हणाली, तर सृष्टीला अंगणवाडीत सोडून म्हातारी चप्पल घालून तयार. “मी पन येते.” आता हिला काय सांगावं? वाटेत मिनानं मध्येच आठवण ठेवून गालावर हात दाबला होता.

सिस्टरनंही त्याच वेळी खिडकीतून बघितलं. “ती कोण? सासू का? मग तिला बोलव की. नवरा नसला तर घरातल्या मोठ्या माणसाचा अंगठा चालतो आम्हाला. कुणीतरी जबाबदार पाहिजे बाई.” “नको, तिला काही माहीत न्हाई,” मिना म्हणेपर्यंत सिस्टरनं दवाखान्यातल्या आयाला तिला हाक मारायला पाठवलंसुद्धा.

याडीला. तांड्यात आईला याडी म्हणतात आणि मिना सासूलाही याडीच म्हणायची, लग्न होऊन आली त्या दिवसापासून. पण त्या शब्दात माया किती आणि धाक किती हे तिचं तिलाच कधी कळलं नव्हतं. रूपाबाई बोलायची कमी आणि बोलायची ते तोडून. तिच्या दोन गोष्टी मिनाच्या मनात घर करून होत्या. एक म्हणजे ती अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माझ्या अंगणात एकच पोरगं खेळलं. एवढंच, पुढं काही नाही. मिनाला ते दर वेळी लागायचं. म्हातारीला घर भरलेलं पाहिजे, नातवंडं पाहिजेत, आपल्या एकुलत्या सृष्टीकडं बघून ती हेच म्हणून राहिली, असं तिला वाटायचं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे रूपाबाईचा अंगठा. ती तो कुठंच देत नसे. रेशनच्या दुकानात मशीन आली, सगळा तांडा रांगेत उभा राहून अंगठा टेकवू लागला, पण रूपाबाई मधलं बोट पुढं करायची. दुकानदार सोनाजी दर वेळी नवी थट्टा करायचा. “काय रूपाबाई, अंगठा गहाण टाकला का?” ती म्हणायची, “हा अंगठा तंबाखू मळायला हाय. तुझ्या मशीनला बोट पुरतं.” बँकेत तर साहेबाशी भांडली. शेवटी साहेबानं हात टेकले आणि बोटाचा ठसा घेतला. लोक हसायचे, देविदास वैतागायचा, याडीची खोडच तशी, म्हणायचा. मिनाला मात्र ते भांडण आवडलं होतं. नवी नवरी होती ती तेव्हा, डोक्यावरून पदर ओढून मागं उभी होती, आणि पदराच्या आत गालातल्या गालात हसली होती. एवढीशी बाई, अक्षर ओळखीचं नाही, आणि साहेबासमोर हाताची मूठ मिटून उभी. असं आपल्याला कधी उभं राहता येईल का, असं तिला वाटलं होतं. पण तेच हट्टी माणूस आपल्या विरोधात उभं राहिलं तर काय, हा विचार तेव्हा आला नव्हता. आता आला.

रूपाबाई आत आली. बांगड्या वाजल्या. तिनं आधी सुनेकडे बघितलं, मग सिस्टरकडे, मग भिंतीवरच्या त्या हसऱ्या कुटुंबाकडे. “दाढ इथं काढतेत व्हय?” तिनं विचारलं. मिनाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सिस्टर म्हणाली, “मावशी, बसा. सून तुमची तांबी बसवायला आलीय. लेकरू लांबवायचं म्हणते. मुलगा गावाला गेलाय म्हणे. तुमची हरकत नसेल तर इथं अंगठा द्या, म्हणजे आम्हाला काळजी नाही.” शाईचं पॅड उघडून तिनं पुढे सरकवलं. निळी, ओली शाई. रूपाबाई त्या शाईकडे बघत राहिली. मग तिनं आपला हात पदराखाली नेला.

“मी न्हाई देनार अंगठा.”

“बघ,” सिस्टर मिनाला म्हणाली, “म्हणून म्हणते, घरात विचारून यावं.”

मिनाच्या कानात शीळ वाजायला लागली. तिला पळताना शेवटच्या वळणावर असं होतं, आजूबाजूचं सगळं लांब जातं आणि नुसता आपल्या छातीचा आवाज राहतो. म्हणजे झालं. आता हे देविदासला कळणार, तांड्यावर कळणार, बायका पाण्यावर बोलणार, रूपाबाईची सून चोरून दवाखान्यात गेली. बूट काढून ठेवावे लागतील. परत ते पोट, ते सुजलेले पाय, मैदानाची ती कड. आणि त्या कडेला बसल्यावर सृष्टीसारखंच एखादं गोड पोर मांडीवर येईल आणि आपण त्याच्याकडे बघून दुसऱ्याच कशासाठी तरी रडू. राग आला तिला, सासूचा नाही, स्वतःचा. कशाला खोटं बोलले? निदान खरं बोलून हरले असते. ती उठली. पिशवी खांद्याला लावली. “चला याडी,” ती म्हणाली.

“बस,” रूपाबाई म्हणाली. आणि स्वतःही खुर्ची ओढून बसली. “सिस्टर, मला एक सांगा. मी अंगठा दिला तर काय व्हईल?”

“तर तुमची परवानगी आहे असं होईल.”

“आन् उद्या मी येऊन म्हनलं, माझी परवानगी न्हाई, काढा ती तांबी, तर काढचाल का?”

सिस्टरनं शाईचं पॅड थोडं मागं ओढलं.

“मंग? आज माझ्या व्हयनं बसली तर उद्या माझ्या न्हाईनं निघंल. असला व्हय काहून देऊ मी? अंग तिचं हाय. पळती ती. मी बघते ना पहाटे गच्चीवरून, सगळ्या पोरींच्या फुडं असती.” ती थांबली. मिना जागच्या जागी उभी होती. गच्चीवरून? याडी पहाटे गच्चीवर येते? “माझं दुसरं बाळंतपन असंच दवाखान्यात झालं,” रूपाबाई पुढं म्हणाली, आवाज न बदलता, बाजाराचं सांगावं तशी. “कळा येऊन राहिल्या व्हत्या. कुनीतरी हात धरला, शाई लावली, कागदाला टेकवला. मला वाटलं, बाळंतपनाचाच कागद आसंल. पोरगी झाली. दात यायच्या टायमाला तापानं गेली. मंग मी वाट बघत बसले. मरियामाला नवस बोलले, उपास केले, लोकं म्हनले तसं सगळं केलं. आन् एका साली दुसऱ्याच दुखन्याला गेले तर तिथल्या बाईनं टाका बघून सांगितलं, तुझं तर ऑपरेशन झालंय. माझ्या नवऱ्याला बी कुनी इचारलं नव्हतं. तो बाहेर बिडी वढत बसला व्हता. कागद काढून दावला त्यांनी. अंगठा माझाच. बराबर उमटलेला.” तिनं पदराखालून हात काढला, अंगठा वर करून बघितला आणि परत मुठीत घेतला. “तवापून हा कुनाला देत न्हाई. माझ्यासाठी न्हाई दिला आन् हिच्यासाठी देऊ? हिला न इचारता बसवली तर मी काच फोडीन तुमची. आन् हिनं मागितली तर माझं काय काम हितं? मला घरात ज्वारी निवडायची पडलीय.”

माझ्या अंगणात एकच पोरगं खेळलं. मिनाला ते वाक्य आता पहिल्यांदा ऐकू आलं. इतकी वर्षं ती ते आपल्याबद्दलचं समजत होती, आपल्या पोटाबद्दलचं, आणि म्हातारी आपल्या हरवलेल्या लेकरांबद्दल बोलत होती. ज्या बाईला हवी होती आणि होऊ दिली नाहीत, ती नको म्हणणाऱ्या सुनेच्या बाजूनं कशी काय उभी राहते? कुठून आणते एवढं मन? दुसरी एखादी म्हणाली असती, मला मिळालं नाही, तू तरी भर माझं घर. म्हणायचा तिला हक्क होता. मिना तिच्या त्या मुठीकडे बघत राहिली, सुरकुतलेल्या, तंबाखूनं पिवळ्या झालेल्या, आणि तिला त्या मुठीच्या पाया पडावंसं वाटलं.

आतल्या खोलीच्या दारात डॉक्टरीणबाई येऊन उभ्या होत्या. कधीपासून, ते कुणाला कळलं नाही. “सिस्टर,” त्या हळू म्हणाल्या, “नियमात कुणाची सही आहे?” सिस्टर म्हणाली, “तिची एकटीची, मॅडम. पण काच फुटली तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, घरच्यांचं घेत जा म्हणून.” डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. “म्हणाले होते. घाबरले होते मी. तेव्हापासून किती बायांना परत पाठवलं असेल आपण.” त्यांनी स्वतः पुढं होऊन शाईचं पॅड मिटलं आणि पेन मिनाच्या पुढं ठेवला. सिस्टरनं बोटानं जागा दाखवली. तिच्या त्या बोटावर एक जुना पांढरा व्रण होता, तो मिनाला आता दिसला.

मिना देविदास राठोड, तिनं लिहिलं. लिहिताना तिला वाटलं, तो असा मध्ये आहेच की, कुठं गेलाय. हात मात्र तिचा होता आणि अक्षर वळणदार आलं.

आत टेबलावर ती छताकडे बघत पडली. डॉक्टरीणबाई प्रत्येक वेळी सांगत होत्या, आता हात लावते, आता थोडं दुखेल, थांबू का? थांबू का, हे तिला आयुष्यात फारसं कुणी विचारलं नव्हतं. दुखलं. पोटात एक कळ येऊन गेली आणि त्या कळेत तिला दुसरी एक बाई आठवली, तरणी असतानाची याडी, अशीच कुठल्यातरी छताकडे बघत पडलेली आणि तिचा हात कुणीतरी ओढून घेतलेला. मिनानं आपले दोन्ही हात छातीवर घट्ट धरून ठेवले.

बाहेर लिंबाखाली येईपर्यंत ऊन चढलं होतं. रूपाबाईनं बाकावर तिला जागा करून दिली आणि पाण्याची बाटली पुढं केली. थोडा वेळ दोघी मोंढ्यात जाणारे ट्रॅक्टर बघत बसल्या. “याडी, दाढेचं मी खोटं बोलले,” मिना म्हणाली. “माहीत हाय. पहाटे वाटीभर चने कुरुम कुरुम खाल्लेस. दाढ दुखनारं मानूस चने खातं व्हय?” रूपाबाई म्हणाली आणि चंची उघडून तंबाखू तळहातावर घेतला. मिनाला हसू आवरेना. हसताना पोट दुखत होतं तरी ती हसत राहिली, आणि हसता हसता तिचं डोकं सासूच्या खांद्यावर टेकलं. त्या खांद्याला धुराचा आणि तंबाखूचा वास होता. म्हातारी आखडली, पण बाजूला झाली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. देविदास. मिना फोनकडे बघत राहिली. “याडी, सांगू का त्यांना?”

“आता एवढं झालं तरी मलाच इचारायलीस,” रूपाबाई म्हणाली, आणि चुना लावून तंबाखू मळू लागली.

मिनानं फोन उचलला. पलीकडं इंजिनाची घरघर होती. तो काहीतरी सांगत होता, सांगलीच्या अलीकडं गाडी आली, जेवण झालं, सृष्टी काय करते. तिनं त्याला बोलू दिलं. मग म्हणाली, “मी दवाखान्यात आले होते. तांबी बसवून घेतली.” घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मग म्हणाला, “मी नसताना? कुणाला इचारलंस? याडीला?”

“याडीनं परवानगी दिली न्हाई.”

“मग सही कुणी केली?”

रूपाबाईचा अंगठा तळहातावर थांबला होता.

“मी केली,” मिना म्हणाली. “माझी.”

पलीकडून मागच्या गाडीचा हॉर्न आला, मग देविदासचा श्वास, मग नुसतंच, “बरं.” थोड्या वेळानं तो म्हणाला, “दुखतंय का?” मिना म्हणाली, “दुखतंय. उद्या पळणार न्हाई, परवा पळीन.” शेजारी रूपाबाईचा अंगठा परत चालू झाला होता. तिनं तंबाखूवर दोन टाळ्या मारल्या, चुन्याची धूळ उडवली आणि चिमूट दाढेखाली ठेवून दिली.